विकायला नसलेली कासवे

ती घटना आठवली की आजही वाटते, तेव्हा एक जबाब माझाही नोंदवायला हवा होता. मी पिंपरी-चिंचवडमधील एका ठाण्यात निरीक्षक होतो. आमच्या विश्वासातल्या एका रिक्षाचालकाने रहाटणीतील शोभेच्या माशांच्या दुकानाची खबर आणली. "सायेब, मागल्या खोलीत पंधरा-वीस कासवं हायती. पण दुकानात विकायला एकबी न्हाई." भारतीय जातींची कासवे बाळगणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अशा मालाला चोरटे गिऱ्हाईक असते. खबर मला पक्की वाटली.

बनावट ग्राहक म्हणून साध्या वेशात मी स्वतःच गेलो. सोंग फारसे आणावे लागले नाही. माझी अकरा वर्षांची मुलगी तेव्हा खरोखरच पाण्यातल्या कासवासाठी हट्ट धरून बसली होती, आणि आणावे की नाही हा निर्णय मी लांबवत होतो.

दुकानदार चाळिशीचा, मूळचा बीडकडचा. महाळुंग्याच्या एका कंपनीत बरीच वर्षे शिफ्ट करून त्याने हे दुकान टाकले होते. मी कासव मागताच त्याने हातातले जाळे खाली ठेवले आणि मलाच प्रश्न विचारू लागला. टाकी ठेवायला जागा किती, घरात ऊन कुठून येते, दर आठवड्याला पाणी कोण बदलणार, कासवाला हात लावला की पोरगी साबणाने हात धुईल का. मग म्हणाला, "भाऊ, आज रुपयाएवढं दिसतंय. चार-पाच सालात ताटाएवढं होतंय. आन् जगतंय तीस-तीस वर्षं. पोरीच्या रुखवतात मांडणार का?"

मी जास्त पैसे देऊ केले. मासे घेऊन जा, एवढेच तो म्हणाला. परतताना मी मनाशी निष्कर्ष काढला की जो दुकानदार गिऱ्हाईक परत पाठवतो, त्याचे खरे गिऱ्हाईक दुसरेच कोणी असते.

दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी दोन पंचांसह छापा घातला. मागच्या खोलीत एकोणीस कासवे मिळाली. प्रत्येक टबात विटा रचून कोरडी जागा केलेली होती. ते पंचनाम्यात नोंदवावे असे मला वाटले नाही. कासवे जप्त केली आणि दुकानदाराला शेजाऱ्यांदेखत जीपमध्ये बसवले. त्याची बायको शटर धरून उभी होती.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला लोक कासव भेट देतात. ते वाढले, वास मारू लागले की नदीत सोडायला निघतात आणि जीव पाण्याला लावला म्हणून समाधान मानतात. ही परदेशी कासवे नदीत गेली तर इथल्या कासवांची जागा बळकावतील, म्हणून तो ती ठेवून घेत असे. कोणी दिली ती नावे मात्र सांगेना. "लाजत लाजत आणून देतेत, साहेब. नावं कशी सांगू?" त्याचे हे मौनच मी पुरावा धरले.

त्याने एक विनंती केली. "टबात दोन-दोन विटा टाका. चढायला जागा नसली की थकून बुडतेत."

आमचे हवालदार म्हणाले, "कासव बुडतं व्हय राव? मग मासा पडशानं मरत आसंल." सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या सकाळी वन विभागाचे अधिकारी आले तेव्हा मुद्देमाल कक्षात दोन लहान कासवे टबात मरून पडली होती. अधिकाऱ्यांनी डोळ्यांमागचा तांबडा पट्टा दाखवला. एकोणीसही कासवे परदेशी जातीची होती, पाळण्यास तेव्हा बंदी नसलेली. त्याच सुमारास चऱ्होलीच्या जुन्या शेतकरी घरातली एक वयस्क बाई ठाणे अंमलदारासमोर येऊन उभी राहिली. "त्यातलं एक आमचं हाय. मी नदीत सोडाय निघाले व्हते, त्यानं आडवलं. धरायचं तर मला धरा." तिच्या जबाबाने चौकशी संपली.

दुकानदाराची सही घेऊन मी सतरा कासवे परत दिली. मेलेली दोन कुठे आहेत, एवढे त्याने विचारले. ती त्याने कागदात गुंडाळली आणि बरोबर नेली.

घरी मुलीला मी सगळे खरे सांगितले. ती म्हणाली, "आपण नको आणायला, पप्पा. विटा टाकायचं तुमच्या लक्षात राहणार नाही." कासवाचा निर्णय असा झाला. माझ्या सेवापुस्तकात बरेच शेरे आहेत, इतका अचूक एकही नाही.

पुढे कळले की दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. पोलीस घेऊन गेले, हे सगळ्या गल्लीने पाहिले होते. सुटला, हे कोणी पाहिले नव्हते. नेताना मी जीप दिली होती, आणि जाताना रिक्षा करायला सांगितले होते. गणवेशात तिथे जाऊन शेजाऱ्यांसमोर दोन वाक्ये बोलणे माझ्या हातात होते. ठाण्याची पत जाईल अशी मी स्वतःची समजूत घातली. काही महिन्यांत दुकान बंद झाले.

स्वतःच्या फायद्याविरुद्ध बोलणारा माणूस मला संशयित वाटला, कारण तोवर कामात मी तसा माणूस क्वचितच पाहिला होता. नोकरीने माझी नजर तीक्ष्ण केली, तशी ती आखूडही केली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, चौकशीत निर्दोष ठरलेल्या प्रत्येकाला मी ठाण्याच्या जीपनेच, दिवसाउजेडी, त्याच्या दारापर्यंत सोडले. शेजारी गोळा होईपर्यंत तिथे उभा राहत असे. अनेकांनी त्याबद्दल माझे आभार मानले. मी ते ऐकून घेत असे आणि रहाटणीच्या त्या माणसाला शोधावे असे ठरवत असे. लोकांचे पत्ते काढणे हे माझे आयुष्यभराचे काम होते. त्याचा पत्ता मी अजून काढलेला नाही.