हिराक्कांची गाडी बोलेना

हिराक्का चहा कधी बसून प्यायल्या नाहीत. गाडीचं इंजिन चालू, दार उघडं, एक पाय आत आणि एक बाहेर, बशी बॉनेटवर, आणि दोन भुरक्यांत काम तमाम. बॉनेट गरम असतं म्हणून चहा गार होत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. "बसलं की बूड जड हुतं, लातूर," असं वर मला ऐकवायच्या. मी लातूरकडची, म्हणून माझं नाव लातूर. शेजारच्या खोलीत जळगाव राहायचं आणि वरच्या मजल्यावर सांगली. सगळे भाडेकरू जिल्ह्याच्या नावानं ओळखले जायचे. खरी नावं घ्यायला बाईंना सवड कुठे होती!

कुरुळीत त्यांच्या खोल्यांत आम्ही नवरा-बायको राहत होतो. मी चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर. दिवसभर सुटे भाग उजेडात फिरवायचे, चरा नाहीतर भेग दिसली की लाल ट्रेमध्ये टाकायचे. हिराक्का गावातल्या जुन्या घराण्यातल्या. जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या, आणि भाडं वसूल करण्यापेक्षा भाडेकरूंना गाडीतून फिरवण्यातच त्यांना जास्त रस होता. कुणाचं बाळंतपण आलं, कुणाच्या पोराला ताप चढला, कंपनीची बस चुकली, की खाली हॉर्न वाजायचाच. हाक मारायची पद्धत नाही. हॉर्न वाजला की उतरायचं, केस विंचरायचे ते गाडीत.

या वणवणीमागे एक गोष्ट होती. ती त्या रडत सांगायच्या नाहीत, रागानं सांगायच्या. त्यांच्या मालकांना एका दुपारी छातीत कळ आली. दारात जीप उभी होती. घरात होत्या त्या आणि म्हाताऱ्या सासूबाई, आणि दोघींपैकी कुणालाही जीप चालवता येत नव्हती. कुणी चालवणारा सापडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. "गाडी दारात, किल्ली खुंटीला, आन् मानूस गेलं," त्या म्हणायच्या. "त्या दिशी ठरीवलं, पुन्यांदा किल्ली खुंटीला टांगायची न्हाई." पन्नाशी उलटल्यावर नऊवारीचा काचा मारून त्या गाडी शिकल्या. शिकवणाऱ्यानं म्हणे कानाला खडा लावला.

पुढे त्यांचा मुलगा विनायक, जो ताथवड्याला अकराव्या मजल्यावर राहायचा, त्यानं आईला ही मोठी पांढरी गाडी घेऊन दिली. अट एकच: कॅमेरावालीच घ्यायची. आरशाच्या मागे काचेला आतून चिकटलेला एक कॅमेरा होता. गाडी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याबाहेर सरकली की टूं टूं वाजायचं, एकदम समोर माणूस आलं तर गाडी आपणहून ब्रेक मारायची. हिराक्कांनी त्या आवाजाचं नाव 'सासूबाई' ठेवलं. "जल्मभर एक सासू काढली, आता ही दुसरी," म्हणायच्या. आणि ते टूं टूं झालं की ठरलेलं उत्तर: "व्हय बाई, दिसतंय मला!" मी पोट धरून हसायची. मला त्या नेहमी पुढे, डावीकडे बसवायच्या. "डावीकडनं कोन येतंय ते सांगत जा. मानसाच्या तोंडाला काम पायजे."

गाडीच्या डाव्या अंगाला मात्र ओरखडे वाढत चालले होते. कधी गेटचा खांब, कधी उभा टेम्पो. शेवटी विनायकनं निर्वाणीचं सांगितलं, "आई, आता आणखी एक खरचटलं की गाडी मी ताथवड्याला नेणार." त्या दिवशी हिराक्कांनी बशी बॉनेटवर एवढ्या जोरात आपटली की तिचा टवका उडाला.

आणि नेमका त्याच आठवड्यात खडीच्या डंपरमधून एक दगड उडाला आणि समोरच्या काचेवर बसला. आधी रुपयाएवढा तारा उमटला, मग गाडी खड्ड्यातून गेली तशी भेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावली. चूक बाईंची नव्हती, पण विनायक रविवारी येणार होता आणि तो असल्या हिशेबात पडणारा नव्हता. हिराक्कांनी घाईघाईनं हायवेच्या कडेला एक काचवाला गाठला. काच बसली. डिंक वाळेपर्यंत गाडी हलवायची नाही म्हटल्यावर बाई संध्याकाळपर्यंत गाडीभोवती घिरट्या घालत राहिल्या. "वाळला का? आता वाळला का?" असं विचारून त्यांनी काचवाल्याला जीव नकोसा केला. पुढच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागून राहिला होता. "तो जाईल आपोआप," काचवाला म्हणाला. बहुधा बाई एकदाच्या जाव्यात म्हणून म्हणाला असावा.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून येऊन जरा टेकते न टेकते तोच दाराची कडी वाजली. हॉर्न नाही, कडी! दारात हिराक्का.

"लातूर, गाडी बोलंना."

"म्हणजे बंद पडली?"

"चालती की. पर सासू गप बसलीया. पट्टा वलांडला तरी टूं न्हाई की टां न्हाई."

"मग बरं झालं की अक्का! सुटलात."

त्या माझ्यावर अशा खेकसल्या की शेजारून जळगाव बाहेर आलं. "तुला काय कळतं गं? चल, चप्पल घाल!" मला कळेना, जिला उठता बसता शिव्या घातल्या तिच्यासाठी एवढा जीव का टांगणीला लागावा. चाकणपर्यंत त्या गाडी अशी चालवत होत्या, जणू काचेचीच भांडी भरलीत. मागून टेम्पोवाले हॉर्नवर हॉर्न मारत होते, आणि त्या दर मिनिटाला मला विचारत होत्या, "डावीकडं कोन हाय? बग नीट. कोन न्हाई ना?" माझ्या तोंडाला नुसतं काम नव्हतं, ओव्हरटाइम होता.

चाकणच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये चाळिशीचा एक शांत टेक्निशियन होता. त्यानं बाहेरून काच पाहिली आणि म्हणाला, "काकू, इथे कुंकू कुणी लावलं?"

"म्या! नवी काच हाय, पुजा नको करायला? गाडीचं कपाळ हाय ते, तितंच लावनार की!"

पाच बोटं कुंकू, तेही तेलात कालवून, नेमकं कॅमेऱ्याच्या डोळ्यावर. तो हसला, फडक्यानं पुसून काढलं, तरी दिवा जाईना. मग त्यानं समजावलं, "काच बदलताना कॅमेरा काढून परत लावलाय. पण सरळ समोर म्हणजे कुठे, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. इथे केसभर तिरका बसला तरी लांबचं माणूस त्याला भलतीकडे दिसतं. म्हणून तो गप्प बसलाय. गप्प बसला ते एका परीनं बरंच आहे."

त्यानं गाडी सपाट फरशीवर घेतली, टेप लावून अंतर मोजलं आणि समोर स्टँडवर एक भला मोठा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा बोर्ड उभा केला. कॅमेरा तो बोर्ड बघून आपली नजर जुळवून घेणार होता. आम्हाला सांगितलं, मध्ये येऊ नका. पण हिराक्का आणि एका जागी उभं राहणं! त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. वळल्या आणि धाडकन त्या बोर्डावर आदळल्या. "मधी कशाला ठिवलंय हे!" तो बिचारा पुन्हा टेप घेऊन बसला. थोड्या वेळानं त्या परत वळल्या आणि परत त्याच बोर्डाला धडकल्या. दोन्ही वेळा डावा खांदा.

दाराएवढा बोर्ड. काळा-पांढरा. मी भाग तपासणारी बाई, एकदा झालं तर अपघात म्हणेन, तेच दुसऱ्यांदा त्याच जागी झालं की तो भाग लाल ट्रेमध्ये जातो. गेटचा खांब, उभा टेम्पो, 'डावीकडं बग' हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर भराभरा आलं. टेक्निशियनला म्हटलं, तुमचं चालू द्या, आणि अक्कांना दंडाला धरून बाहेरच्या टपरीवर नेलं.

"अक्का, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही ना?"

त्यांनी माझा हात झिडकारला. मला वाटलं आता खोली खाली करायला सांगतात. पण त्या टपरीच्या बाकड्यावर बसल्या. खरोखर बसल्या. चहा आला, तो हातात धरून राहिल्या.

"मागल्या दिवाळीपासनं," त्या म्हणाल्या. "कडंकडंनं अंधार येतोय."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं तर किल्ली जाईल. ती सासू हाय नव्हं, तिच्या जिवावर चालवत हुते. ती वराडली की सरळ करायची." मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं. "म्हयन्यामागं कंपनी सुटायच्या टायमाला एक पोरगी डावीकडनं आडवी आली. हातात डबा. मला दिसलीच न्हाई गं. गाडी आपल्या आपुन थांबली. पोरीनं माझ्याकडं बगून हात जोडलं. तिला वाटलं म्याच थांबवली."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांना पोटाशी धरावंसंही वाटलं. राग आधी बाहेर पडला. "अक्का, त्या रस्त्यानं मी रोज चालत येते. डावीकडूनच येते. कॅमेऱ्यावर उद्या नुसता चिखल उडाला तर?"

त्यांनी चहा संपवला, बसून.

तिकडे कॅमेऱ्याचं जुळलं. आता रस्त्यावर नेऊन बघायचं होतं. "पांढरे पट्टे स्वच्छ दिसतील असा रस्ता हवा," टेक्निशियन म्हणाला आणि स्वतःच हसला, कारण चाकणात असा रस्ता म्हणजे उंबराचं फूल. शोधत शोधत कंपन्यांच्या मागचा एक नवा तुकडा सापडला. त्यानं गाडी मुद्दाम पट्ट्यावर सरकवली. टूं टूं. मागच्या सीटवर हिराक्कांनी माझा हात घट्ट धरला. "बोलली गं," एवढंच म्हणाल्या. 'व्हय बाई, दिसतंय मला' हे मात्र म्हणाल्या नाहीत.

रविवारी विनायक आला. मी उगाचच जिन्यात कपडे वाळत घालत उभी. मी मनाशी ठरवलं होतं, अक्का बोलल्या नाहीत तर मी बोलणार, मग भले खोली सोडावी लागो. विनायकनं गाडीभोवती चक्कर मारली, काचेवरून हात फिरवला, गाडी सुरू करून दिवे पाहिले आणि किल्ली आईला परत दिली. "दगड लागला होय? पण काम झकास केलंस आई! टकाटक झाली गाडी. राहू दे तुझ्याकडंच."

झालं. जिंकल्या होत्या बाई. त्यांनी वर एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

मग त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि लेकाच्या हातावर ठेवली. "काच नवी हाय, सासूबी बोलती. पर माझा डावा डोळा गेलाय, इन्या."

विनायक मटकन पायरीवर बसला. हिराक्का उभ्याच होत्या. "रडू नगंस. आन् गाडी ताथवड्याला न्यायची न्हाई. गाडी दारात आन् चालवायला कुनी न्हाई, हे या घरात एकदा झालंय. हितंच ऱ्हाईल. सुनीताला शिकव."

सुनीता म्हणजे मी. माझं नाव त्यांना ठाऊक होतं तर!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर येत नाही, राहिली आहे ती टिकवू. हिराक्कांनी औषधाचे थेंब नेमानं घातले, पण उभ्यानंच. मी गाडी शिकले, आणि डाव्या सीटवर बसून त्यांनी माझा जो छळ केला तो कुठल्या सासूनं केला नसेल. "ब्रेक काय पायजनाला बांधलाय का? दाब की!" गाडीचं टूं टूं व्हायच्या आधी यांचं व्हायचं. कंपनीच्या पोरी दिसल्या की गाडी थांबवायला लावायच्या आणि कोंबून बसवायच्या.

मागच्या थंडीत एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. गाडी दारात होती, किल्ली माझ्याकडे होती. त्यांना मागच्या सीटवर निजवून मी निघाले. चौकात नेहमीसारखी गर्दी, मी घाबरून पट्टा ओलांडला आणि टूं टूं सुरू झालं. मागून बारीक आवाज आला, "तिला सांग की गं, दिसतंय म्हनावं." मी रडत रडत ओरडले, "व्हय बाई, दिसतंय मला!" दवाखान्यात आम्ही वेळेत पोचलो. त्यानंतर काही दिवस त्या होत्या, विनायकला बघितलं, नर्सना दम दिला, चहा उठून उभ्यानं प्यायचा हट्ट केला, आणि मग गेल्या.

किल्ली अजून माझ्याकडेच आहे. शेजारच्या जळगावच्या बायकोचे दिवस भरत आलेत, म्हणून मी ती रात्री उशाशी ठेवते. गाडी टूं टूं करते तेव्हा मी मोठ्यानं उत्तर देते, नवरा हसतो. पण उत्तर देण्याआधी मी डावीकडे एकदा नीट बघून घेते.