चांगला म्हणजे कसा?

आमच्या मामांपुढे 'चांगला' हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, "मुलगा चांगला आहे हो," की मामा सुपारी कातरायची थांबवून विचारायचे, "चांगला म्हंजी कसा? चांगला तर फुकटचा च्याबी असतो. नीट सांग." समोरचा असा गडबडायचा की बस्स!

मामा हिंजवडीजवळच्या माणचे. माणपासून कासार आंबोलीपर्यंत कितीतरी घरांच्या सोयरिकी त्यांच्या ओसरीवर जुळल्या. 'झ्याक' हा शब्द ते फक्त दिसण्यापुरता वापरत. सदरा, बैलजोडी, नवी मोटारसायकल. माणसाला झ्याक म्हटलं की समजावं, पोरगं आरशापुढून हलत नाही. 'फक्कड' चहाला आणि गप्पिष्ट गड्याला. "फक्कड गडी घरी टिकत न्हाई," म्हणायचे. 'नामी' एखाद्या युक्तीला, नाहीतर चटपटीत सुनेला. 'बेस' म्हणजे खोट नाही, डोळे झाकून द्या. आणि 'गुणाचा' सगळ्यांत वरचा. तो मामा फार जपून काढत.

सगळ्यांत खाली 'बरा'. "पोरगा बरा हाय," असं मामा म्हणाले की मुलीकडचे चहा संपवून उठत. जुळू पाहणारी सोयरीक तोंडानं मोडू नये, असा आमच्याकडचा रिवाज. त्या एका शब्दानं कुणाचा अपमानही होत नसे आणि मुलगीही वाचे. पंचक्रोशीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या नवऱ्याला त्यांनी 'निभावणारा' म्हटलं होतं. मी इतकी चिडले की जेवलेच नाही. मैत्रिणींना गुणाचे, बेस, आणि मला काय, निभावणारा? मामा म्हणाले, "बाये, झ्याक नवरा फोटूत शोभतुया. ह्यो आजारपणात उशाशी बसंल." आणि बसला हो! माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातून हलला नाही. अजून निभावतोय बिचारा, माझ्या तोंडासकट.

पण घरच्या शब्दाला मामा हरले. जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली, तिच्या उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, संदीपला, करायला कामच उरलं नाही. मोठी गाडी, गळ्यात साखळी, दुपारपासून दारू. आईवरसुद्धा हात उचलायचा मेला. गावातली एकही मुलगी त्याला मिळेना. "पोरी, ह्याला कोणचा शब्द लावू गं?" मामांनी एकदा मला विचारलं.

मग लातूरकडचे एक पाहुणे आले. हिंजवडीत नोकरी, भाड्याचं घर, लग्नाची मुलगी. स्वतःचं घर असलेल्या ठिकाणी मुलगी पडावी, एवढीच त्या माणसाला आस. मी त्या दिवशी मामीच्या मदतीला माझ्या सासरहून, भऱ्याहून, गेले होते, पोहे करत होते. पाहुण्यांनी विचारलं, "मुलगा कसा आहे, मामा?"

मामा म्हणाले, "बरा हाय."

मामीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आता पाहुणे उठणार, असं आम्हा दोघींनाही वाटलं. पाहुणे मात्र हसले, त्यांनी हात जोडले. "किती साधी माणसं तुम्ही! आमच्याकडंबी बाप पोराची फुशारकी मारत न्हाई."

"न्हाई पाव्हणं, नुसता बरा हाय," मामा परत म्हणाले. पाहुणे आणखीच खूश झाले, आणि जाताना सुपारी फोडायची तारीख विचारून गेले.

ते गेल्यावर मी मामांना म्हटलं, "सरळ सांगायचं ना, देऊ नका म्हणून!"

"सांगितलं की गं. आणखी कसं सांगत्यात?" मामा म्हणाले. "पोटच्या पोराला वाईट म्हणाया जीभ उचलंना. आन् तुझी मामी माज्याकडं बघत हुती."

त्या पाहुण्यांची मुलगी, वर्षा, सून म्हणून आली. पहिल्या महिन्यातच तिच्या दंडावर वळ दिसले. संदीपचा हात उठला की मामा मध्ये जाऊन उभे राहत. एकदा त्यांचाच चष्मा फुटला. सोयरिकी जुळवणं त्यांनी सोडून दिलं. लोक येत, ओसरीवर बसत, चहा पिऊन परत जात.

शेवटी एक दिवस मामा वर्षाची बॅग घेऊन, तिला बसमध्ये बसवून हिंजवडीला तिच्या वडिलांकडे घेऊन गेले. जन्मात केलं नव्हतं ते त्यांनी केलं. व्याह्यापुढे टोपी काढून म्हणाले, "माजा पोरगा वाईट हाय. पोरगी ठिवून घ्या."

वडिलांना अजून धाकट्या मुलीचं लग्न करायचं होतं. म्हणाले, "घरोघरी असतंय, मामा. तुमच्यासारखा देवमाणूस सासरा असल्यावर आम्हाला कशाची काळजी?" दोघं संध्याकाळच्या बसनं परत आली. हे सगळं वर्षानंच मला सांगितलं.

यंदाच्या उन्हाळ्यात मामा गेले. संदीप अंत्यविधीलाही पिऊन आला होता. मामी भिंतीला टेकून बसलेली, आणि वर्षाचं रडणं काही थांबेना. लोक म्हणाले, "बघा, सासऱ्यावर किती जीव पोरीचा!" मी तिला जवळ घेतलं, तर तिनं माझा पदर घट्ट धरला आणि कानाशी विचारलं, "ताई, आता मधी कोण पडंल?"