आतूनही किल्ली लागणारं दार

नव्या घराला मला देखणं दार नको होतं. आईला उघडता येणार नाही असं हवं होतं. हे सांगायची मात्र चोरी. सांगितलं की लोक आधी आईची कीव करत आणि मग माझ्याकडे रोखून बघत.

आईला विसरायला होऊ लागलं होतं. धुळ्यातल्या आमच्या भाड्याच्या घरातून ती दोनदा निघून गेली आणि दोन्ही वेळा हायवेवर तिच्या जुन्या गावची, शिंदखेड्याची बस शोधताना सापडली. त्या घराचं लाकडी दार फुगायचं, कडी नीट बसायची नाही. मी ऑफिसात बसायचे आणि जीव सगळा त्या कडीत. भावंडं फोनवरून सल्ले द्यायची. फायबरचं दार घे, हा त्यातलाच एक.

आईला कुणाच्या भरवशावर सोडणार? दुकानात तिला घेऊनच गेले.

"ताई, फायबरग्लास आहे. फुगणार नाही, वाळवी लागणार नाही," दुकानदार दारावर बोटं वाजवत म्हणाला.

मी हळूच विचारलं, "आतूनही किल्लीशिवाय उघडणार नाही, असं कुलूप बसेल?"

"चोर बाहेरून येतो ताई."

"विचारलं तेवढं सांगा," मी तडकले. मग त्यानं आईकडे पाहिलं. "बसेल," तो खालच्या आवाजात म्हणाला.

दुकानात दारं चौकटींसकट ओळीनं उभी होती, मागे ना भिंत ना खोली. आई एकेक दार उघडून पलीकडे जात होती. पलीकडे तेच दुकान, तोच पंखा आणि मी.

"आठे बी घर नही शे," इथंही घर नाही, असं म्हणून ती पुढच्या दाराला हात घालायची. तिला थांबवायचं बळ माझ्यात नव्हतं.

शेवटी ती कुलूप लावलेल्या दाराशी आली. मूठ फिरवली, दोन्ही हातांनी ओढली. दार ढिम्म हललं नाही. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

काहीतरी बोलायचं म्हणून दुकानदारानं विचारलं, "आजी, पसंत आहे का?"

आईनं दारावरून हात फिरवला. "चांगलं शे भाऊ. हाईच दे." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हाई रोज माले सोडीसन निंघी जास. आते घरमाच राही." रोज तिला सोडून निघून जाणारी मी होते, आणि हे दार मला घरात ठेवायला होतं.

मी तेच दार घेतलं. ते बसलं, पण तिला आत एकटीला कोंडून ऑफिसला जायला माझं मन धजेना. आधी रजा काढली, मग नोकरीच सोडली.

आता मी दिवसभर घरात असते. आई त्या दाराला हातसुद्धा लावत नाही.