ताईच्या डोळ्यांवर मतदान

आमच्या घरात पत्रक काढल्याशिवाय कुठलाही प्रश्न सुटत नाही. मला अक्षरओळखसुद्धा बाबांनी पत्रकांवरूनच करून दिली. त्यामुळे ताईनं लेझर करून चष्मा घालवायचं ठरवलं, तेव्हा मी आधी पत्रक लिहिलं आणि मग तिला विचारलं, नंबर किती आहे.

उणे पाच. ताई कबड्डी खेळते. चढाईला आलेली मुलगी तिला चष्म्याशिवाय अंगाला हात लागल्यावरच दिसायची, आणि जिल्हा संघाची निवड पाच महिन्यांवर आली होती.

पत्रकात तीन पद्धतींची तुलना होती. पहिलीत बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा पापुद्रा झडपेसारखा उघडायचा, खाली लेझर मारायचा, झडप मिटायची. दुसऱ्या दिवशी दिसतं. दुसरीत झडप नाही, पडद्याच्या आत लेझरनं कापलेली चकती बारीक छेदातून ओढून काढतात. यंत्र महागडं, म्हणून तिला मी ‘धनदांडग्यांची शस्त्रक्रिया’ म्हटलं. तिसरीत वरची साल काढून थेट लेझर. साल पुन्हा येते, पण तीन-चार दिवस डोळ्यांची आग होते आणि नीट दिसायला वेळ लागतो. ही सगळ्यांत जुनी, म्हणून प्रतिगामी.

रविवारी बुद्धवंदना झाल्यावर विहारातच वस्तीची बैठक बसली. अध्यक्ष बाबा. तज्ज्ञ म्हणून मामा, कारण ते पिरंगुटच्या कारखान्यात लेझरवर पत्रे कापतात.

“आमच्या हितं आठ मिलिमीटरचा पत्रा कापतुया लेझर,” मामा म्हणाले. “डोळा म्हंजे लई पातळ काम हाय.”

“कापल्यावर कड घासावी लागती का?” शेजारच्या काकूंनी विचारलं.

“पत्र्याची लागती. डोळ्याचं मला म्हाईत न्हाई.”

“मग तुमी कशाचं तज्ज्ञ?”

ताईनं हात वर केला. “खेळताना तोंडावर कोपर बसलं, तर ती झडप जाग्यावर ऱ्हाईल व्हय?”

मी हरकत घेतली. डोळे तिचेच असल्यामुळे तिचा यात हितसंबंध आहे. तिला बोलता येणार नाही आणि मतही देता येणार नाही. बाबांनी हरकत मान्य केली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

झडपेला सतरा मतं पडली, चकतीला चार. सालीला एकही नाही.

दुसऱ्या दिवशी ताई एकटीच बसनं शहरात गेली. डॉक्टरांनी पडद्याची जाडी मोजली. पडदा पातळ, त्यात खेळ धक्काबुक्कीचा. तिला चालणारी पद्धत एकच होती, सालीची. तिनं तिथंच तारीख घेतली.

“ठराव झालाय,” बाबा म्हणाले. “रद्द करायला परत बैठक घ्यावी लागंल.”

“घ्या की. मी दवाखान्यात असंल.”

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी ती खिडकीला चादर लावून पडली होती. डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. खेळायला अजून दोन-तीन महिने थांबायचं होतं, निवडीपर्यंत जेमतेम तयारी होणार होती. मी औषधाची बाटली घेऊन शेजारी बसलो आणि माफी मागायला लागलो. त्यात लोकशाही आली, बहुमताची मर्यादा आली.

“थेंब टाक आधी,” ती म्हणाली. “उजव्यात.”

“डाव्याचं पाणी जास्त येतंय, आधी डाव्यात…”

“उजवा जास्त जळतोय. मला कळतंय ना?”

मी उजव्यात थेंब टाकला.