पहिल्या खेपेचं ‘न्हाय’

चिंधूकाकांना मी पहिल्यांदा चहा विचारला तेव्हा ते “न्हाय, नको” म्हणाले. दुसऱ्यांदा विचारला तेव्हा “कशाला बाय उगाच” म्हणाले. तिसऱ्यांदा विचारण्याआधीच कोर्टातला चहावाला माझ्या टेबलावर दोन कटिंग आपटून गेला, आणि काकांनी तो कढत चहा एका दमात संपवला. सकाळपासून पोटात काहीच नव्हतं, हे मला नंतर कळलं. दापोड्याच्या पलीकडच्या गावातून, कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत, दोन रिक्षा बदलून माणूस आलेला. मला असा राग आला म्हणून सांगू! भूक लागली आहे तर हो म्हणावं ना सरळ.

माझा स्वभाव तापट आहे. वकिलीला लागले तेव्हाही होता, आता तर काही विचारूच नका. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीत, वडील शाळेत शिकवायचे, आणि मी या कोर्टाच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसते. ज्यांना वकील परवडत नाही अशांची कामं विधी सेवेकडून माझ्याकडे येतात. चिंधूकाका तसेच आले. खिशातून चौघडी केलेली कोर्टाची नोटीस काढली, टेबलावर ठेवली आणि हात जोडून उभे राहिले. बसा म्हटलं तर आधी “न्हाय, हाय बरा” म्हणाले, मग बसले.

त्यांची मुलगी रूपा. दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती. संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर चालत घरी येताना एका टेम्पोनं तिला उडवलं. टेम्पो निघून गेला. रूपा उठून, कपडे झटकून, घरापर्यंत चालत आली. ओटीवर बसली आणि बापाला म्हणाली, पोटात दुखतंय. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं, आतल्या आत रक्त गेलं होतं. आई तिच्या लहानपणीच वारलेली. घरात बापलेक दोघंच होते, आता एकटा बाप.

काकांनी फिर्याद दिली होती. टेम्पो कोणत्या गोडाऊनचा, हेही सांगितलं होतं, कारण नाक्यावरच्या पानटपरीवाल्या हिरामणनं तो डोळ्यांनी पाहिला होता. पण हिरामणची जबानी कुणी घेतलीच नाही. वर्ष उलटल्यावर पोलिसांनी कोर्टात ‘अ समरी’ लावली. म्हणजे गुन्हा खरा, पण गाडी सापडत नाही, आरोपी सापडत नाही, सबब फाईल बंद करावी. न्यायाधीशांनी त्यावर मंजूर म्हटलं की रूपाच्या मरणाची चौकशी संपली. टेम्पो गोडाऊनला माल वाहत राहणार, आणि काका त्याच रस्त्यानं कामाला जात राहणार. तेही एका गोडाऊनवर वॉचमन होते, पूर्वी जिथं भावकीचं भाताचं शेत होतं तिथंच.

“पन मना कशाला बोलावलाय?” काकांनी विचारलं. “मी काय केला?”

“तुम्ही काही केलं नाही, काका. तुम्हाला विचारायला बोलावलंय.”

हे मात्र मी त्यांना नीट समजावून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच सांगून ठेवलंय, की पोलिसांना तपास गुंडाळायचा असेल तर न्यायाधीशांनी फिर्याद देणाऱ्याला बोलवायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मगच काय ते ठरवायचं. तोही एका बापाचाच खटला, मुलगी गमावलेल्या. पुढे २०२२ साली त्याच न्यायालयानं म्हटलं, की जो गुन्ह्याला बळी पडला त्याला किंवा त्याच्या घरच्यांना तपासापासून अपिलापर्यंत दर टप्प्यावर बोलायचा हक्क आहे. नाहीतर आधी काय होतं? फिर्याद द्या, साक्ष द्या, घरी जा. खटला म्हणजे सरकार आणि आरोपी यांचं भांडण, ज्याचं माणूस गेलं तो बाहेर बाकड्यावर. ते निकाल वाचले तेव्हा मी खरंच खूश झाले होते. वाटलं होतं, चला, आता आपल्या माणसांना कुणीतरी विचारेल.

“साहेब विचारतील, काही हरकत आहे का,” मी म्हटलं. “तुम्ही म्हणायचं, हो, आहे. हिरामणची जबानी घेतलेली नाही. एवढंच. बाकी लेखी मी देते. पाठ झालं?”

“झाला, बाय.”

तारखेला नेमका माझा दुसरा एक मॅटर शेजारच्या कोर्टात निघाला. उलटतपासणी चालू, सोडून येता येईना. आमच्या नंबरला वेळ होता, पण मधल्या तीन प्रकरणांना कुणी हजरच नव्हतं. मी धावत व्हरांड्यात आले तर चिंधूकाका बाहेर पडत होते, आणि चेहऱ्यावर चक्क समाधान.

“झाला बाय. साहेब लय चांगला मानूस. मना ‘बाबा’ बोलला.”

“तुम्ही काय बोललात?”

“त्यांनी इचारला, हरकत हाय का. मी बोललो, न्हाय साहेब. तुमी बोलाल ते.”

मी त्या व्हरांड्यात, शंभर माणसांदेखत, माझ्या बापाच्या वयाच्या माणसावर ओरडले. “अहो, काय केलंत हे! घोकून घोकून पाठ करून घेतलं मी तुमच्याकडून! संपली ना फाईल!” आत जाऊन पाहिलं तर रोजनाम्यावर चढलंही होतं: फिर्यादी हजर, हरकत नाही, समरी मंजूर. साहेबांनाही बोल कसा लावू? समोर दीडशे प्रकरणांचा गठ्ठा. माणूस हजर आहे, हात जोडून नाही म्हणतोय, लिहिलं त्यांनी.

काका भिंतीला टेकून उभे होते. माझा आवाज खाली आल्यावर म्हणाले, “पन बाय, त्यांनी परत इचारलाच न्हाय. मी उभा होतो. शिपायानी हाताला धरून बाहेर काढला.”

“परत कशाला विचारतील?”

“आता इतका मोठा मानूस इचारतो, तर पयल्या खेपेला हो कसा बोलायचा? हावरटावानी दिसता ते. कोनाकडं गेलो तरी जेवतोस का इचारला की आधी न्हायच बोलायचा. ज्याला जेवू घालायचा असतो तो परत इचारतोच की.” मग म्हणाले, “रूपा मना हसायची. बोलायची, बाबा, असाच उपाशी मरशील एक दिवस.”

लग्नाची बोलणी असोत, पंगत असो, तलाठ्याची खुर्ची असो, त्यांच्या गावात सगळा व्यवहार दुसऱ्या विचारण्यावर चालतो. पहिलं ‘न्हाय’ म्हणजे नुसता नमस्कार. सर्वोच्च न्यायालयानं विचारायला सांगितलं होतं. दोनदा विचारा, असं कुठं म्हटलं होतं?

दिलेला हुकूम खालच्या कोर्टाला फिरवता येत नाही. म्हणून ठाण्याला सत्र न्यायालयात अर्ज. तिथून पुढचं सांगण्यासारखं काही नाही. ठाण्याच्या वाटेवर काल्हेरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, पोचेपर्यंत पुकारा होऊन जायचा, पुढची तारीख घ्यायची. कधी सरकारी वकील नाही, कधी रेकॉर्ड आलेलं नाही, कधी साहेब रजेवर. काका दर वेळी यायचे, पहारा करून, न झोपता, आणि बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. मी म्हणायची, येऊ नका, मी बघते. “न्हाय, येतो,” म्हणायचे. तो ‘न्हाय’ मात्र खराच होता. खरं सांगते, एकदोनदा माझ्याच मनात आलं की सोडून द्यावं. कंटाळा आला होता. नुसता कामाचा नाही, या सगळ्याचाच.

अखेर निकाल आला. सत्र न्यायाधीशांनी लिहिलं, की फिर्यादीला अहवालाची प्रत दिली नाही, त्याचा अर्थ समजावला नाही, नुसतं हरकत आहे का एवढं विचारून नाही लिहून घेतलं. याला ऐकून घेणं म्हणत नाहीत. प्रकरण परत भिवंडीला, नव्यानं ऐकून ठरवा. मी काकांना फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी पुढची तारीख विचारली.

आता कोर्टात आधीच्या साहेबांच्या जागी नवीन मॅडम आल्या होत्या. या वेळी मी काकांच्या शेजारीच उभी राहिले, दुसरं काम आलं तरी हलणार नव्हते. मॅडमनी अहवाल मराठीत वाचून दाखवला आणि विचारलं, “यावर तुमची काही हरकत आहे का?”

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. आता पुन्हा हात जोडणार हा माणूस, पुन्हा तेच म्हणणार, देवा! मी कोपरानं ढोसणार एवढ्यात ते बोलले.

“हाय, बाय. हरकत हाय.”

“काय हरकत आहे?”

“गाडी सापडली न्हाय बोलतात. गाडी थांबली होती. हिरामणनी बघितली. डायवरनी काच खाली केला, माझ्या पोरीला इचारला, लागला का? ती बोलली, न्हाय, काय न्हाय झाला. म्हून तो गेला.” काकांनी एक बोट वर केलं. “त्यानी एकदाच इचारला, बाय. रस्त्यात पडली होती ती. अजून एकदा इचारला असता तर सांगितला असता तिनी.”

हे त्यांनी मलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आणि त्याच क्षणी, लाज वाटते सांगायला, माझ्यातली वकील जागी झाली: झालं, उद्याच्या बचावाचं हत्यार या माणसानं स्वतःच्या हातानं दिलं. ड्रायव्हरचा वकील उठणार आणि म्हणणार, आम्ही थांबलो, विचारलं, ती नाही म्हणाली, आमचा काय गुन्हा? आणि त्या पोरीनं तरी काय केलं? बापाला हसायची, आणि वेळ आली तेव्हा बापासारखीच वागली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग टंकलेखकाला हळू आवाजात मजकूर सांगितला. समरी नामंजूर, हिरामणची जबानी घ्यावी, पुढील तपास करून अहवाल द्यावा. पुढील तपास. म्हणजे पुन्हा पोलीस ठाणं, पुन्हा नोटीस, पुन्हा हेच बाकडं. हिरामणची टपरी रस्ता रुंद करताना हलली आहे, तो सध्या कुठं बसतो ते शोधावं लागेल. तो बोलेल की नाही, तेही शोधावं लागेल.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “काका, ते ड्रायव्हरनं विचारलेलं तुम्ही सांगायला नको होतं. त्याच्याच उपयोगी पडेल.”

“हिरामण सांगनारच हाय ना. खरा हाय ते.” ते माझ्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसले. मी बसा म्हटलं नव्हतं. थकले होते फार, डोळे तांबारलेले, गणवेशाचा शर्ट मानेपाशी विरलेला. रात्री पुन्हा पहारा होताच.

चहावाला समोरून किटली घेऊन चालला होता. मी हात वर केला आणि सवयीनं विचारलं, तीनदा विचारायची तयारी ठेवूनच. “काका, चहा घेणार?”

“हो,” ते लगेच म्हणाले. “घेतो.”

मला बरं वाटायला हवं होतं. इतके दिवस मी हेच तर ओरडून सांगत होते. पण मी ग्लास त्यांच्या हातात दिला, तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला.