हिरामणचं पान

हिरामणला मरूनही रीत कळली नाही. यायचं तर सरळ घरात यावं, आईच्या उशाशी टेकावं, तांब्याभर पाणी मागावं. ते नाही. हा आपला दारातच उभा. एक पाय उंबऱ्यावर, एक बाहेर. पत्ता चुकलेल्या माणसासारखा. रोज दुपारी बुधीबाईचा डोळा लागायला येतो, नेमका तेव्हाच येतो, आणि आत ये म्हटलं तर येत नाही, जा म्हटलं तर जात नाही.

आजही तेच. नाशकातल्या वस्तीतलं पत्र्याचं घर उन्हानं तडतडतं आहे. बुधीबाई फरशीवर आडवी झाली आहे, पदर डोळ्यांवर घेतला आहे, आणि पदरातूनही तिला तो दिसतो आहे.

"आलास? ये आत. डोक्यावर ऊन आहे तुझ्या."

"इथं बरा आहे, आई."

"बरा आहे म्हणे! मेलास तरी तुझं बरंच का?"

हिरामण हसतो. हसताना मान खाली घालायची त्याची सवय गेलेली नाही. या मान खाली घालण्यानंच घात केला, असं बुधीबाईचं मत आहे.

आज तिचा जीव जास्तच जळतो आहे. सकाळी करवंदपाड्याहून दिराचा, काशीरामचा फोन आला होता. उद्या आखाजी. आखाजीला पाड्यावर पितरांना जेवू घालतात. प्रत्येक मेलेल्या माणसाचं पळसाचं पान मांडायचं, त्यावर भात वाढायचा, आणि घरातल्या कर्त्या पुरुषानं नाव घेऊन हाक मारायची. हाक आली की पितर जेवतो. नाही आली, तर वर्षभर उपाशी. हिरामणची ही पहिली आखाजी.

"वहिनी, तुम्ही या," काशीराम म्हणाला, "पण हिरामणचं पान मांडता येणार नाही. पाड्याच्या नदीवर जो जळाला, त्याचंच पान. पोर तिकडं नाशकात जळालं."

"ही रीत तुझ्या बापानं केली का रे?" एवढं विचारून तिनं फोन आपटला होता.

पोराचा जन्मच या धक्क्यांत गेला. पोटासाठी नाशकात आला, सेंटरिंगच्या कामाला लागला. वस्तीत एकच नळ, संडास नाही, म्हणून आपल्या माणसांना गोळा करून नगरसेवकाकडे गेला. तो म्हणाला, आदिवासींचा पैसा डोंगरातल्या गावांचा, तुम्ही आता शहरातले. मग पाड्यावर जंगलाच्या हक्काची ग्रामसभा होती, तिथं गेला. हात जोडून म्हणाला, आमचीही वडिलांची जागा आहे, आम्हालाही दोन शब्द बोलू द्या. पाड्यानं सांगितलं, मत तिकडं देतोस आणि तोंड इकडं उघडतोस? हा खाली बसला. सभा संपेपर्यंत बसून राहिला, चहाही प्याला, आणि परत येताना मोटारसायकल ट्रकखाली गेली. मेला तोही धड पाड्यात नाही, धड शहरात नाही. मधल्या घाटात. आणि वस्तीतल्यांनी नाशकातच अग्नी दिला.

"चल, आत चल," बुधीबाई उठते आणि त्याचं मनगट धरते. मनगट गार आहे, रांजणाच्या बुडासारखं. ती त्याला आत ओढते आणि दोघं बाहेर येतात.

बाहेर वस्तीची गल्ली आहे. नळावर हंड्यांची रांग आहे. बुधीबाई रांगेतून वाट काढते तर हंडे संपत नाहीत, चढ लागतो, पायाखाली घाटाचा डांबरी रस्ता येतो, आणि रस्त्याच्या कडेला हंड्यांच्या जागी माणसं मांडी घालून बसलेली आहेत. करवंदपाड्याची माणसं. सगळी मेलेली. प्रत्येकापुढे पळसाचं पान, पानावर भात, भाताशेजारी उडदाची डाळ. नदी खाली वाहते आहे, की नळ गळतो आहे, ते कळत नाही.

पंगतीच्या टोकाला तिचा सासरा बसला आहे. महादू भोये. विडी कानावर तशीच आहे.

"कोण आहे रे?" तो विचारतो.

"मी हिरामण. तुमचा नातू."

"कुठला?"

"करवंदपाड्याचा."

"जळालास कुठं?"

"नाशकात."

"मग तिकडच्या पंगतीत बस, बाबा."

"तिकडं गेलो होतो," हिरामण मान खाली घालून म्हणतो. "ते म्हणाले, तुमची माणसं डोंगरात जेवतात."

बुधीबाईला राहवत नाही. जिवंतपणी तिनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आत्ता तोच पदर ती कमरेला खोचते.

"मामा, विडी कानावर ठेवलीत, म्हणून काय कान बंद झाले? नातू आहे तुमचा! आणि तुम्ही तरी कुठले हो करवंदपाड्याचे? दुष्काळात पेठ तालुक्याकडून पोरंबाळं घेऊन आलात. इथं झाड तोडलंत, तीन धोंडे मांडलेत, चूल पेटवलीत, झाला पाडा. तुम्हाला कुणी विचारलं, कुठला म्हणून?"

सासरा पानावरचा भात बोटानं इकडचा तिकडं करतो.

"विचारायला कुणी नव्हतं, बुधी," तो हळूच म्हणतो. "म्हणून राहिलो."

"मग आता सरका. पोराला जागा द्या."

"जागा माझ्या हातात नाही गं. खाली जिवंत माणसं जशी मोजतात, तसंच इथं बसावं लागतं. तिकडून हाक आली, तरच इथं पान येतं."

बुधीबाई वळते. हिरामण पुन्हा उभाच आहे, पण आता तो दारात नाही, घाटातल्या पांढऱ्या पट्ट्यावर आहे. ट्रकच्या दिव्यासारखं ऊन त्याच्या तोंडावर पडलं आहे. तोंड सुकलं आहे. ते तोंड बघून तिचं सगळं भांडण गळून पडतं.

"किती दिवस जेवला नाहीस रे?"

"नको भांडू, आई. होईल सवय."

"भूक लागली का?"

तो पानांवरच्या भाताकडे बघतो. लहानपणीही असाच. भुकेनं कळवळला तरी म्हणायचा नाही, नुसता चुलीकडे बघत बसायचा.

बुधीबाई रस्त्यावरच फतकल मारते. सासऱ्याच्या पानावरचा मूठभर भात उचलते. म्हातारा अडवत नाही, उलट पान तिच्याकडे सरकवतो. पंगतीतली माणसं मात्र कुजबुजतात. बाईनं हाक मारून पितर जेवत नाही. कर्ता पुरुष लागतो.

"ऐकलंस?" हिरामण म्हणतो. "राहू दे, आई."

"बाईच्या पोटातून बाहेर आलास, तेव्हा कुठला कर्ता पुरुष लागला होता? मी कण्हत होते अन् तुझा बाप बाहेर बैल शोधत होता."

पंगतीत कुणीतरी फिसकन हसतं. तिचा मेलेला नवराच असावा. ती तिकडे बघत नाही. तिला बघायला वेळ नाही.

ती हाक मारते.

"हिरामण! हिरामण बुधीचा! ये, जेव!"

घाटात हाक घुमते. खालच्या नदीवरून परत येते, पत्र्यांवरून परत येते. हिरामण गुडघ्यावर बसतो. आधी आजोबाकडे बघतो, मग पंगतीकडे. अजूनही हा परवानगी शोधतो आहे.

"त्यांच्याकडे काय बघतोस? माझ्याकडे बघ."

तो तोंड उघडतो. ती घास भरवते, आणि तो इतक्या अधाशीपणे तोंड मिटतो की भाताबरोबर तिचं बोटही दातांखाली येतं. पहिले दात आले तेव्हा असाच चावायचा. ती ओरडत नाही, बोट काढून घेत नाही. जेवढा वेळ तो धरून ठेवील, तेवढा वेळ राहू दे.

"आई," भरल्या तोंडानं तो विचारतो, "तू कुठली गं?"

 जन्मभर एकदाही तिच्यावर जीभ अडायची वेळ आली नव्हती. ती तोंड उघडते आणि

पत्रा तडतडतो. नळावर कुणीतरी कुणाच्या तरी हंड्याला लाथ मारली आहे, बायका भांडताहेत. दारात कुणी नाही. नुसतं ऊन.

बुधीबाई उठून बसते. हात दुखतो आहे. तर्जनीच्या पेरावर दातांचे वण आहेत, अर्धचंद्रासारखे, वर आणि खाली, खोल. ती पदरानं पुसून बघते. पुसले जात नाहीत. मग ती ते बोट ओठांना लावते, आणि तेव्हा कुठं तिचे डोळे वाहायला लागतात, भांड्याला तडा गेल्यासारखे.

रडून झाल्यावर ती रिकाम्या दाराकडे बघते आणि मोठ्यांदा बोलते. गल्लीतल्या बायका भांडण थांबवून ऐकतात.

"चूक तुझीच, हिरामण. जन्मभर हात जोडून जागा मागत फिरलास. भुकेल्यानं जागा मागायची नसते रे पोरा, पानावर बसायचं असतं. उद्या पाड्यावर पान मी मांडणार, हाकही मीच मारणार. तू फक्त मान खाली घालून येऊ नकोस."