जहाज नसल्याचा दाखला

आमची बायको गेली त्या साली जगातल्या मोठ्या देशांनी एका देशाला वाळीत टाकलं होतं. आम्ही भोकरजवळच्या खेड्यातले. तो देश कुठल्या दिशेला हाय, तेही ठाऊक न्हाई.

हिला रक्ताचा आजार. नांदेडचा डॉक्टर म्हणाला, इंजेक्शन परदेशातून मागवावं लागंल, महिनाभरात मिळालं तर बाई उभी राहील. भोकरला औषधाचं दुकान चालवणारा मुसलमानाचा पोरगा आमच्याच गावचा, हिच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. परवाना त्यानं स्वतःच्या नावानं काढला. पैसे त्याच्या खात्यातून निघाले आणि मधेच अडकले.

बँकेत गेलो. साहेबानं सांगितलं, वाळीत टाकलेल्या देशाचं तेल चोरून वाहणारा एक जहाजवाला हाय, त्याचं अन् या दुकानदाराचं नाव एकच. बाहेरून यादी येते, यादीत नाव सापडलं की पैसा थांबतो. औषधावर बंदी न्हाई म्हणाला, फक्त पैसे जात न्हाईत. दुकानदाराचं नाव मी इथं लिहीत न्हाई. हा कागदही अडकायचा.

साहेबानं छापील फॉर्म दिला. आपल्या मालकीची जहाजे किती? कोणत्या बंदरात उभी असतात? दुकानदारानं जन्मात मोठं पाणी पाहिलं ते इस्लापूरचा धबधबा, तेही लांबून, चक्कर येते म्हणून. त्यानं 'एकही नाही' लिहिलं. साहेब म्हणाला, पुरावा जोडा.

मी म्हटलं, सातबारा काढू. त्याच्यावर विहीर होती, आंब्याची दोन झाडं होती, हळद होती. जहाज नव्हतं. तो जोडला. उत्तर आलं, जमिनीच्या कागदावर जहाज येत नसतं. हे मात्र खरं होतं.

मग ग्रामसेवकाकडं गेलो. तो म्हणाला, पंच बोलवा. चार पंच दुकानदाराच्या घरात, गोठ्यात, मळ्यात फिरले. एक म्हातारा तर विहिरीत वाकून बघून आला. ग्रामसेवकानं लिहिलं, सदर इसमाकडे पाहणीअंती जहाज आढळून आले नाही. वर शिक्का मारला.

घरी येऊन हिला वाचून दाखवलं. हसली, अन् हसता हसता धाप लागली.

"आवं, त्याचं जहाज असतं तर मला एकदा तरी बसवलं नसतं का त्यानं?"

"बसवलं असतं."

"मग येवढंच लिहून द्या की तेन्ला."

मी दिलं न्हाई. द्यायला पाहिजे होतं.

दाखला गेला. वरून विचारणा आली, जहाज पूर्वी असून विकले आहे काय? पुन्हा पंच, पुन्हा शिक्का. शेवटी बँकेचं पत्र आलं की खात्री पटली, पैसे सोडले. तवा हिला जाऊन नऊ दिवस झाले होते.

दुकानदार पत्र घेऊन ओट्यावर येऊन बसला. मान वर करीना.

"चाचा, माझ्या नावामुळं..."

"नाव ठेवलं तवा तू हिच्या मांडीवर होतास," मी म्हटलं. "चांगलं हाय नाव."

पुढच्या आठवड्यात मी पंचायतीत गेलो. मला बघून ग्रामसेवकानं कागद पुढं ओढला.

"बाबा, आता काय नसल्याचा लिहू?"

"बायको."

या वेळी त्यानं पंच मागितले न्हाईत.